मदत हवी आहे: मुलांना पुरातत्त्व खरोखर शिकवणारे कॉम्प्युटर गेम कोणते?

नमस्कार मंडळी,

दहा वर्षांची लेक आणि बारा वर्षांचा भाचा, दोघांनाही सध्या प्राचीन इतिहासाचं वेड लागलंय. ममी, पॉम्पेई, मोहेंजोदडो, हाती पडेल ते वाचून काढतात. गेम खेळायचा त्यांचा रोजचा वेळ ठरलेला आहे, तर त्या वेळात याच विषयाचं काही चांगलं द्यावं असं मनात आहे. नावं पुष्कळ मिळतात, पण मला जे हवंय ते त्यांत क्वचितच सापडतं. म्हणून इथे विचारतेय.

आधी काय नको ते सांगते. पुरातत्त्वाच्या नावाखाली येणाऱ्या बहुतेक गेममध्ये पुरातत्त्वज्ञ म्हणजे खजिना लुटणारा वीर. थडग्यात शिरा, सापळे चुकवा, मूर्ती उचला, पुढच्या लेव्हलला जा. १९९६ साली आलेल्या टूम्ब रेडरपासून हाच साचा घट्ट बसलाय. मूर्ती कुठे होती, शेजारी काय पडलं होतं, कुठल्या थरात होती, हे कुणी विचारत नाही. खरं शास्त्र तर तिथेच आहे! खापराचा एखादा तुकडा चुलीपाशी मिळाला तर त्याचा अर्थ वेगळा, दफनात मिळाला तर वेगळा. नोंद न करता उचलला, की दोन्ही अर्थ गेले.

मुलांना मी ट्रॉयची गोष्ट सांगितली होती. ग्रीक कवी होमरच्या महाकाव्यातलं, ट्रोजन युद्धाचं ट्रॉय शोधायचंच या ध्यासाने हाइनरिश श्लीमानने १८७०च्या दशकात तुर्कस्तानातल्या हिसारलिकच्या टेकडीतून प्रचंड चर खणला आणि वरचे थर उपसून टाकले. १८७३ मध्ये मिळालेलं सोनं त्याने ट्रॉयचा राजा प्रायमचा खजिना म्हणून जाहीर केलं. पुढे कळलं, की ते ट्रोजन युद्धाच्या मानल्या जाणाऱ्या काळाहून हजारभर वर्षं जुनं आहे. आणि त्या युद्धाच्या काळाच्या थरांतला बराच भाग त्याच्याच खोदकामात नष्ट झाला होता. हे ऐकल्यावर भाच्याने विचारलं, "मग माती होती तशी परत नाही का भरता येत?" हा प्रश्न मुलांना आपण होऊन पडेल, असा गेम मला हवाय.

दुसरा नको असलेला प्रकार म्हणजे गेमचा मुखवटा चढवलेली प्रश्नमंजुषा. ब्रश फिरवला की भांडं निघतं आणि लगेच चार पर्याय: हे भांडं कुठल्या संस्कृतीचं? उत्तर पाठ असेल तर जमतं, नसेल तर अंदाजपंचे. पुरावा पाहून उत्तरापर्यंत पोहोचण्याची संधीच त्यात नाही.

सध्या दोघं माइनक्राफ्ट हा ठोकळ्यांच्या जगाचा गेम खेळतात. जून २०२३ मध्ये त्यात उत्खनन आलं आणि ते मला मनापासून आवडलं. वाळवंटातल्या पिरॅमिडमध्ये किंवा पाण्याखालच्या अवशेषांमध्ये संशयास्पद वाळूचे ठोकळे असतात. नुसत्या डोळ्यांना ते साध्या वाळूसारखेच दिसतात, नीट निरखले तरच पोत वेगळा जाणवतो. त्यावर ब्रश धरून ठेवायचा. वाळू थोडी थोडी सरकते आणि आतली वस्तू हळूहळू वर येते. घाई करून फावडं मारलं की ठोकळा फुटतो आणि आतलं सगळं जातं. लेकीने एकदा असा ठोकळा फोडला आणि त्यानंतर तिचा हात आपोआप हलका झाला. कुठल्याही धड्यापेक्षा हे जास्त पटलं तिला. पण तुकडा हाती आला की तिथेच थांबतं. चार खापरं जोडून नक्षीचा रांजण होतो, छान दिसतो, पण तो कुणाचा, कधीचा, हे कोडं काही उभं राहत नाही.

तर विचारायचं असं, की थर, नोंद आणि कालमापन (वस्तू किती जुनी ते ठरवणं) यांवर उभा असलेला एखादा गेम कुणी मुलांना दिलाय का? नसेल तर निदान प्राचीन काळचं रोजचं जगणं प्रामाणिकपणे दाखवणारा? लॅपटॉप साधा आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. रक्तपात नको. मोठ्या माणसाने शेजारी बसायला लागणार असेल तर माझी आनंदाने तयारी आहे.

निळीशाई:
डिस्कव्हरी टूर बघा. असॅसिन्स क्रीड या गेम-मालिकेतल्याच जगातून लढाया काढून टाकल्यात आणि मोकळं हिंडायला दिलंय. इजिप्तची आवृत्ती २०१८ ची, ग्रीसची २०१९ ची, व्हायकिंगांची २०२१ ची. इजिप्तमध्ये ७५ सफरी आहेत: ममी कशी करत, शेती कशी होई, अलेक्झांड्रिया कसं होतं. मला सगळ्यात मोलाची वाटते ती एक बारीक गोष्ट. त्यातल्या शाळेत मुलगे-मुली एकत्र शिकताना दाखवलेत, आणि ही निवड आमची आहे, पुराव्यातून आलेली नाही, असं सफरीतच सांगून टाकलंय. तिथे थांबून मुलांना विचारा, 'आणखी काय काय यांनी मनाने भरलं असेल?' माझ्या पुतण्यांचा त्या प्रश्नावर अख्खा तास गेला.
अडचण तुमच्या लॅपटॉपची. त्यावर हे चालणार नाही. चांगलं मशीन असलेल्या कुणाकडे नेऊन दाखवता आलं तर दाखवाच.

माळरान:
मी काही वर्षं उत्खननांवर काम केलंय, म्हणून तुमचा प्रश्न फार जवळचा वाटला. तुम्हाला हवा तसा तयार गेम माझ्या पाहण्यात नाही. पण माइनक्राफ्ट आहेच, तर त्यालाच नोंदवही जोडा. मी घरी हेच केलं.

पडद्यावर स्थाननिर्देशांक दाखवायची सोय त्यात आहे, ती सुरू करा. दर तुकड्यामागे एक ओळ लिहायची: कुठल्या वास्तूत, किती खोलीवर, शेजारी काय, नक्षी कुठली. नोंद झाल्याशिवाय पुढचा ठोकळा उघडायचा नाही, हा नियम कडक ठेवा. त्यात उत्खननातून खापरांच्या २० नक्ष्या मिळतात आणि त्या कुठेही कशाही विखुरलेल्या नाहीत. धनुर्धाऱ्याची किंवा कवटीची नक्षी मिळते ती वाळवंटी पिरॅमिडमध्ये. मासेमाऱ्याची मिळते उबदार समुद्रातल्या अवशेषांमध्ये. हे मुलांना आधी अजिबात सांगू नका. वही भरत गेली की तेच म्हणतील, 'ही नक्षी नेहमी इथेच का?' प्रत्यक्ष कामातही आमचं पहिलं पाऊल हेच असतं. फ्लिंडर्स पेट्री या पुरातत्त्वज्ञाने इजिप्तमधल्या शेकडो थडग्यांचा आधी-नंतरचा क्रम असाच लावला, कुठल्या भांड्यांबरोबर कुठली भांडी सापडतात ते पाहून. तेव्हा कोळसा, हाडं यांतल्या कार्बन-१४ वरून वय काढायची पद्धत नव्हतीच. ती पद्धत विलर्ड लिबीने १९४९ मध्ये पुढे आणली.

थर मात्र माइनक्राफ्टमध्ये शिकवता येत नाहीत. त्यासाठी भरलेली कचऱ्याची बादली घ्या. वरून एकेक वस्तू काढत यादी करायची आणि घरात आधी काय घडलं, नंतर काय, ते सांगायचं. अॅरिझोना विद्यापीठात विल्यम रॅथजी यांनी १९७३ पासून लोकांच्या कचऱ्याचा असाच शास्त्रशुद्ध अभ्यास केला, आणि लोक स्वतःच्या खाण्यापिण्याबद्दल जे सांगतात ते कचऱ्याशी जुळत नाही असं त्यात दिसलं. बारा वर्षांच्या मुलाला ही गोष्ट जबरदस्त आवडते.

पायवाट:
हेवन्स व्हॉल्ट (२०१९). नायिका पुरातत्त्वज्ञ आहे, जग काल्पनिक आहे, पण काम अस्सल आहे. एका प्राचीन लिपीतले लेख सापडत जातात, चिन्हांवरून शब्दांचा अर्थ तर्काने लावायचा. तर्क चुकला तरी गेम लगेच 'चूक' म्हणत नाही. तो चुकीचा अर्थ धरून गोष्ट पुढे जाते, आणि बऱ्याच लेखांनंतर लक्षात येतं की हा शब्द इथे बसत नाहीये. सिंधू लिपी अजून का वाचता आलेली नाही, हे माझ्या मुलीला यामुळे नीट उमगलं: लेख अगदी तोकडे, आणि पडताळायला एकच मजकूर दोन भाषांत असलेला लेख एकही नाही. इंग्रजी मजकूर भरपूर आहे, तेव्हा शेजारी बसावंच लागेल.

निळीशाई:
रोजच्या जगण्यासाठी फेरो, प्राचीन इजिप्तमध्ये शहर वसवायचा गेम, सुचवायचा राहिला. १९९९ चा मूळ गेम साध्या मशीनला फार ताण देत नाही. २०२३ मध्ये नवं रूपही आलंय. नाईलचा पूर कमी आला की धान्य कमी, धान्य कमी की शहर रिकामं. पुरावा-बिरावा त्यात नाही, पण पिरॅमिडमागे केवढी भाकरी आणि किती हात लागले असतील ते कळतं. एज ऑफ एम्पायर्स मात्र जपून द्या. त्यात सगळे समाज पाषाण, कांस्य, लोह अशा एकाच शिडीने चढतात. सहाराच्या दक्षिणेला आफ्रिकेच्या बऱ्याच भागांत कांस्ययुग आलंच नाही, दगडाकडून थेट लोखंडाकडे गेले लोक. हे सोबत सांगितलंत तर हरकत नाही.

धागाकर्ती:
मनापासून आभार. नोंदवही आजच सुरू केली. माळरान, तुमचा नियम लेकीने लगेच मान्य केला. भाचा कुरकुरला, पण वास्तूचा नकाशा काढायचं काम त्याच्याकडे दिल्यावर तोच जास्त काटेकोर झालाय. हेवन्स व्हॉल्ट सुट्टीत एकत्र खेळू.

एक उपप्रश्न आहे. दोघांना आता स्क्रॅचमध्ये (मुलांसाठीच्या सोप्या प्रोग्रॅमिंगमध्ये) स्वतःचा उत्खननाचा गेम करायचाय: चौकटी, चौकटीखाली तीन थर, आणि काढलेला थर परत न येणारा. भाच्याचं म्हणणं, कालमापनासाठी मोजकेच नमुने पाठवता यावेत, म्हणजे कुठला कोळसा पाठवायचा ते खेळणाऱ्याने विचार करून ठरवावं. तीन थरांत नेमकं काय ठेवलं तर कोडं सोपंही होणार नाही आणि सुटेलही? माळरान, तुम्ही किंवा खोदकामाचा अनुभव असलेल्या कुणी एखाद्या छोट्या, साध्या घराचे थर सुचवले तर फार मदत होईल. वरच्या थरातली एखादी वस्तू उंदराच्या बिळातून खाली गेली, असं ठेवलं तर या वयाला ते जड जाईल का?