मदत हवी आहे: दिवस राहण्यासाठी खाण्यापिण्यात नक्की काय बदलायचं?

निनावी_सध्या
नेहमीच्या आयडीने लिहायचं धाडस होईना म्हणून हा नवा आयडी. लिहिण्याच्या ढबीवरून ओळखलंत तर कृपया ओळख दाखवू नका.

मी ३२, नवरा ३५. चान्स घ्यायला लागून नऊ महिने झाले. पहिले तीन महिने फार विचार केला नाही. चौथ्यांदा पाळी आली त्या दिवशी रडून घेतलं आणि मग कामाला लागले. साखर बंद. धान्यं जवळजवळ बंद. कॉफी बंद. सकाळी पळायला जाते, संध्याकाळी आठवड्यातून चार दिवस जिम. रात्री आठनंतर फक्त पाणी. एका व्हिडिओत सांगितलं म्हणून अननसाचा मधला दांडा खाल्ला, दुसऱ्यात घाबरवलं म्हणून तोच टाकून दिला. गोळ्यांच्या पाच बाटल्या आहेत, त्यातल्या दोन 'हार्मोन संतुलना'च्या. नवऱ्याने काय बदललं असं विचाराल तर तो म्हणतो, "तू वाढ, मी खातो."

इतकं करूनही काही नाही. आणखी काय खाऊ? काय सोडू? कोणी या वाटेने गेलं असेल तर सांगा. 'डॉक्टरांना भेटा' हे माहीत आहे, भेटणारच आहे.

आनंदी_कावळा
टेन्शन घेऊ नका हो. विचार सोडून द्या, आपोआप होईल. आमच्या ओळखीत असंच झालं, फिरायला गेले आणि गोड बातमी घेऊन आले.

निनावी_सध्या
काका/दादा, राग मानू नका, पण हे वाक्य मी मोजायचं सोडलंय. 'विचार करू नकोस' म्हटलं की दिवसभर तोच विचार येतो.

अर्धविराम
आनंदीभाऊ, फिरायला गेलेल्यांपैकी ज्यांना राहिलं नाही ते येऊन सांगत नाहीत, एवढंच. ताणाने मूल होत नाही हे काही सिद्ध झालेलं नाही. फार ताण असेल तर झोप बिघडते, पाळी पुढेमागे होते, जवळ यावंसं वाटत नाही, हे खरं. पण जिला राहत नाही तिलाच 'तू ताण घेतेस' म्हणायचं हे काही बरं नाही.

निनावीताई, काही सोडायच्या आधी आकडे द्या. उंची, वजन (आधी आणि आता), पाळीचं चक्र किती दिवसांचं (आधी आणि आता), आणि 'प्रयत्न' नक्की कोणत्या दिवशी करता. शेवटचा प्रश्न आगाऊ वाटेल, पण आयडी निनावी आहे, सांगून टाका.

निनावी_सध्या
उंची १६० सेंमी. वजन आधी ५५, आता ४७. पाळी आधी २९-३० दिवसांनी यायची, आता ३६ ते ४०. मला वाटलं शरीर शुद्ध होतंय, म्हणून वेळ लागतोय. दिवस म्हणाल तर १३, १४, १५. सगळीकडे चौदावा दिवसच लिहिलेला असतो ना?

लघुकोन
डॉक्टर नाही. भ्रूण वाढवतात त्या प्रयोगशाळेत काही वर्षं काम केलंय, त्यामुळे कान तयार आहेत. तुमचं उत्तर तुमच्याच दुसऱ्या प्रतिसादात आहे.

चौदावा दिवस हा २८ दिवसांच्या चक्राचा हिशेब. अंडाशयातून बीज सुटल्यापासून पुढची पाळी साधारण १४ दिवसांनी येते. हा मागचा भाग बहुतेकींचा फारसा हलत नाही, लांबतो तो पुढचा. म्हणजे ३६ ते ४० दिवसांच्या चक्रात बीज सुटतच असेल तर ते बाविसाव्या ते सव्विसाव्या दिवसाच्या आसपास सुटतं. सुटलेलं बीज १२ ते २४ तास टिकतं. शुक्राणू आत पाच दिवसांपर्यंत तग धरतात. त्यामुळे कामाचे दिवस सहाच: बीज सुटतं तो आणि त्याच्या आधीचे पाच. १९९५ मध्ये २२१ स्त्रियांच्या नोंदींवरून हे सहा दिवस मोजले गेले, आणि बीज सुटून गेल्यावरच्या दिवसांत त्यात एकही गर्भधारणा दिसली नाही.

आता तुमचे १३, १४, १५ त्यात बसवून बघा. पंधराव्या दिवसाचे शुक्राणू विसाव्यापर्यंत टिकले तरी गाठभेट नाही. नऊ महिने नव्हे, तुमचे खरे प्रयत्न पहिल्या तीन महिन्यांतच झालेत.

आणि चक्र लांबलं का, ते वजनात आहे. ४७ किलोला तुमचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) १८.४ येतो, ५५ ला २१.५ होता. वजन योग्य होतं, ते तुम्ही खाली आणलंत. खाणं कमी आणि पळणं जास्त झालं की मेंदूतून अंडाशयाला जाणारे संकेत मंदावतात. उपाशी दिवसांत गर्भ नको असा शरीराचा जुना हिशेब. आधी बीज सुटायला उशीर होतो, मग एखाद्या महिन्यात सुटतच नाही, आणि तसंच रेटलं तर पाळीच थांबते. शुद्ध-बिद्ध काही होत नाहीये.

मात्र थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन (दूध येण्याचं हार्मोन) बिघडलं तरी चक्र लांबतं. ती रक्ततपासणी करूनच घ्या, सगळं वजनावर ढकलू नका.

निनावी_सध्या
दोनदा वाचलं. मग कॅलेंडर काढून बसले. सहा महिने मी सकाळी साडेपाचला उठून पळत होते... हसू की रडू कळत नाहीये.

पानगळ
ताई, हसाच. माझं उलट होतं. पीसीओएस (अंडाशयाचा हार्मोनांचा विकार), वजन ८४, पाळी दोन-दोन महिने गायब. मला वजन कमी करायला सांगितलं होतं, पण 'निम्म्यावर आणा' असं नव्हे. एकूण वजनाच्या ५ ते १० टक्के उतरलं तरी पुष्कळजणींचं बीज पुन्हा सुटायला लागतं. माझे सहा किलो गेले आणि पाळी ३४ दिवसांवर आली. म्हणून 'दिवस राहण्यासाठी वजन कमी करा' हा सल्ला वाचला की मी आधी विचारते, कोणाचं? माझं औषध तुम्ही घेत होतात.

अर्धविराम
+१. मैत्रिणीची थाळी आपल्या ताटात ओढायची नाही.

मूळ प्रश्नाला, काय खाऊ? ज्या एका गोळीबद्दल वाद नाही ती फॉलिक अॅसिड, रोज ४०० मायक्रोग्रॅम, प्रयत्न सुरू करायच्या निदान महिनाभर आधीपासून पहिले १२ आठवडे होईपर्यंत. याने दिवस लवकर राहतात, हा गैरसमज असतो. ती असते बाळाच्या मज्जारज्जूसाठी. बाळाच्या मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते, तेव्हा बऱ्याच जणींना पाळी चुकल्याचं नुकतंच कळलेलं असतं. नंतर सुरू करून उपयोग उरत नाही, म्हणून आधीपासून. आधीच्या बाळात ही नळी न मिटण्याचा दोष होता, मधुमेह आहे किंवा फिटची औषधं चालू आहेत, त्यांना मात्रा दसपट लागू शकते. ती डॉक्टरच ठरवतील.

बाकी बाटल्यांची लेबलं इथे टाइप करा.

निनावी_सध्या
१. फॉलिक ४००. २. मल्टिव्हिटॅमिन. ३. त्वचेसाठी व्हिटॅमिन ए. ४ आणि ५ 'संतुलन', त्यात काय किती आहे ते लिहिलेलंच नाही.

लघुकोन
तिसरी आजच बंद. रेटिनॉल स्वरूपातलं ए जीवनसत्त्व जास्त झालं तर गर्भाला बाधतं. दिवसाला ३,००० मायक्रोग्रॅम ही वरची मर्यादा, आणि तुमच्या मल्टिव्हिटॅमिनमध्येही थोडं असणार. भाज्या-फळांतल्या बीटा-कॅरोटिनची ती भीती नाही, गाजर खा. ४ आणि ५ बद्दल एकच नियम: आत काय आहे ते लिहिलेलं नाही, ते पोटात घालायचं नाही. मांस, अंडी, दूध यातलं फारसं खात नसाल तर बी १२ तपासा. हिमोग्लोबिनही.

कॉफी पूर्ण सोडायची गरज नव्हती. दिवसाला २०० मिलिग्रॅम कॅफिनपर्यंत, म्हणजे साधारण दोन कप, बहुतेक डॉक्टर चालवून घेतात. दारू मात्र दोघांनी सोडलेली बरी.

निनावी_सध्या
कॉफी!! उद्या सकाळी पळायच्या वेळेला कॉफी पिणार.

चारोळीवाला
म्हणजे आहाराचा काहीच संबंध नाही? मग एवढे 'फर्टिलिटी डाएट'वाले काय विकतात?

अर्धविराम
आहे, पण एखाद्या फळाचा नाही. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या मोठ्या पाहणीत १७,५४४ विवाहित स्त्रिया होत्या, निष्कर्ष २००७ साली आले. ज्यांच्या खाण्यात ट्रान्स फॅट कमी, प्रथिनं डाळी-कडधान्यांतून जास्त, धान्यं अख्खी, त्यांच्यात बीज न सुटण्याच्या तक्रारी कमी दिसल्या. पण ही नुसती पाहणी होती. तसं खाणाऱ्या बायका इतरही बऱ्याच गोष्टी नीट करत असतील. आणि ती बीज न सुटण्याबद्दल होती. गर्भनळ्या बंद असतील किंवा शुक्राणू कमी असतील तर कडधान्यं काय करणार?

विकणारे नेमकं हेच गाळतात. 'अख्खी धान्यं खा, तळणीचं तेल पुन्हापुन्हा वापरू नका' याची बाटली भरता येत नाही ना.

गप्प_गडी
इथे फक्त वाचत असतो, पण नवऱ्याचा विषय मागे पडला म्हणून लिहितो.

दोन वर्षं आमच्या घरातही सगळं पथ्य बायकोचं. मी जिमला जायचो, तब्येत दणदणीत, त्यामुळे माझ्यात काही असेल असं कोणाच्या मनातही आलं नाही, माझ्या तर नाहीच. शेवटी तपासणी केली तर शुक्राणू शून्य. जिममधल्या एकाने दिलेली इंजेक्शनं घेत होतो, टेस्टोस्टेरॉनची. मला वाटायचं पुरुषी हार्मोन म्हणजे चांगलंच असणार. डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं: बाहेरून मिळालं की मेंदू म्हणतो पुरेसं आहे, आणि वृषणांना काम करायचा हुकूमच देत नाही. बंद केल्यावर आकडा वर यायला मला दहा महिने लागले. सगळ्यांचा परत येतोच असंही नाही म्हणाले. बायकोने त्या दोन वर्षांत काय काय गिळलं ते आठवलं की मान खाली जाते.

तुमचे मिस्टर तसलं काही घेत नसतील, पण विचारा. जिथे मूल राहत नाही तिथल्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूचंही काही ना काही कारण सापडतं. आणि तपासणी किती सोपी असते! एक डबी.

निनावी_सध्या
धन्यवाद, हे लिहिणं सोपं नसणार. नवऱ्याला हा धागा वाचायला दिला. इंजेक्शनं नाहीत. सिगारेट आहे, 'कधीतरी'. मी विचारलं कधीतरी म्हणजे किती, तर हिशेब दिवसाला चारवर आला. शिवाय रोज रात्री लॅपटॉप मांडीवर. त्याचा प्रश्न आहे, "झिंकच्या गोळ्या घेऊ का?"

लघुकोन
गोळ्या नकोत, सिगारेट सोडा म्हणावं. झिंक आणि फॉलिक अॅसिड पुरुषांना देऊन अमेरिकेत २,३७० जोडप्यांवर चाचणी झाली, २०२० मध्ये छापून आली. सहा महिने गोळ्या घेऊन ना शुक्राणू सुधारले, ना बाळं वाढली. पोटाच्या तक्रारी तेवढ्या वाढल्या.

वृषणं शरीराबाहेर लोंबतात ती उगाच नाही, त्यांना दोन-चार अंश थंडावा लागतो. लॅपटॉप टेबलावर, गरम पाण्यात डुंबणं बंद. शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस, बाहेर पडण्याजोगे व्हायला आणखी थोडे. म्हणून आज सिगारेट सोडली तर फरक तीन महिन्यांनी बघायचा, पुढच्या आठवड्यात नाही. ताप येऊन गेला असला तरी त्याची सावली तेवढेच दिवस राहते. तपासणीला जाताना २ ते ७ दिवसांचा खंड हवा, त्याहून कमी नको, जास्तही नको.

आणि संबंधांच्या वेळी वापरायची बाजारातली बरीच वंगणं शुक्राणूंना मंद करतात. वापरत असाल तर लेबल वाचा.

पानगळ
बीज कधी सुटतंय त्याच्या पट्ट्या मिळतात, लघवीवर करायच्या. दुसरी रेघ गडद झाली की पुढच्या २४ ते ३६ तासांत सुटतं. तुमचं चक्र लांब आहे, तर दहाव्या दिवसापासून डबा संपवू नका, सोळाव्यापासून करा. कंटाळा येत असेल तर सरळ एक दिवसाआड, पाळी संपल्यापासून. माझ्यासारख्या पीसीओएसवाल्यांना पट्ट्या फसवतात, रेघ उगाचच गडद दिसते.

अर्धविराम
एक राहिलं. वर्षभर वाट बघायची हा नियम ३५ च्या आतल्यांसाठी आणि पाळी नियमित असणाऱ्यांसाठी आहे. ३५ नंतर सहा महिने. तुमची पाळी लांबलीय, तुम्ही वर्षाची वाट बघू नका, आत्ताच जा. आणि जाताना दोघं जा.

निनावी_सध्या (अडीच महिन्यांनंतर)
धागा वर आणतेय. गोड बातमी नाही, आधीच सांगते.

वजन ५०. धान्यं परत आली, पळणं आठवड्यातून तीनदा, तेही मजा येईल तेवढंच. गेलं चक्र ३३ दिवसांचं, पट्टीवर अठराव्या दिवशी गडद रेघ आली. ती बघून मी जवळजवळ ओरडले. थायरॉइड ठीक, बी १२ कमी निघालं, त्याची गोळी चालू आहे.

नवऱ्याचा रिपोर्ट: मिलिलिटरला १३ दशलक्ष शुक्राणू. संदर्भासाठी १६ लिहिलंय. तो दिवसभर गप्प होता. डॉक्टर म्हणाल्या, १६ ही रेषा म्हणजे पास-नापास नाही, शिवाय तपासणीच्या महिनाभर आधी त्याला मोठा ताप येऊन गेला होता, तेव्हा एका रिपोर्टवर काही ठरवायचं नाही. तीन महिन्यांनी पुन्हा. सिगारेट ४७ दिवस बंद आहे, मोजतोय तो, मी नाही.

गप्प_गडी, त्याने तुमचा प्रतिसाद स्वतःहून पुन्हा काढून वाचला.

गप्प_गडी
४७ म्हणजे अवघड भाग गेला. त्याला सांगा, दुसऱ्या रिपोर्टचं पाकीट एकट्याने फोडू नकोस.