मागुराचा नर दाबला तरी मिल्ट का येत नाही?

प्रश्न:
नमस्कार मंडळी. मी भंडाऱ्याकडचा, गावचा मामा तलाव (माजी मालगुजारी तलाव) मासेपालनासाठी ठेक्याने घेतलाय. रोहूच्या नराचं पोट शेपटीकडे हलकं चोळलं की दुधासारखा मिल्ट, म्हणजे नराचं शुक्र, लगेच येतो. यंदा देशी मागूर घेतला. मादीची अंडी परातीत उतरली, पण चार नर दाबले तरी थेंब नाही. सगळी अंडी वाया गेली, फार जीवाला लागलं. प्रजननासाठी देतो ते हार्मोनचं इंजेक्शन कमी पडलं का?

उत्तर:
दादा, इंजेक्शनचा दोष नाही, माशाची घडणच वेगळी. मीही पहिल्या वर्षी दाबदाबून नर जखमी केले होते. शेवटी एक कापून बघितला तेव्हा उलगडा झाला.

रोहूची वृषणं म्हणजे वाताशयाच्या (पोटातल्या हवेच्या पिशवीच्या) कडेने गेलेल्या दोन लांब पांढऱ्या पट्ट्या. त्यांच्या नळ्या मागे एकत्र येऊन गुदद्वारामागे उघडतात, म्हणून दाबलं की शुक्र वाहतं. मागुराची वृषणं पाठीच्या कण्याला लागून असतात आणि त्यांच्या मागे बोटांसारखे फाटे फुटलेल्या शुक्राशयाच्या पिशव्या. त्या पिशव्यांत मुख्यतः चिकट स्रावच असतो. बाहेरून कितीही दाबा, कामाचं शुक्र उतरत नाही. नर मारूनच वृषणं काढावी लागतात.

प्रश्नकर्ता:
बापरे. मग नर ओळखायचा कसा? चुकून मादीच कापली तर?

उत्तर:
पोटाखाली गुदद्वारामागे बघा. नराची जननपुळी लांबट आणि टोकदार, मादीची गोल बटणासारखी. पावसाळ्यात फरक उघड दिसतो.

आता मुख्य काळजी. माशाचं अंग आणि कात्री कोरड्या फडक्याने पुसा. शुक्राणू वृषणात निपचित असतात, गोडं पाणी लागताच जागे होतात आणि थोड्याच वेळात थकतात. म्हणून वृषणं पाण्यात नाही, मिठाच्या द्रावणात बारीक कापून कुस्करायची. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात 9 ग्रॅम मीठ. दुधाळ झालं की गाळून अंड्यांवर ओता, कोंबडीच्या पिसाने हलक्या हाताने ढवळा, आणि मगच साधं पाणी घाला.

आणखी एक, मादीची अंडी परातीत उतरण्याआधीच वृषणं तयार ठेवा. परात कोरडी हवी, पुसलेली नव्हे, उन्हात वाळवलेली.