एक्सेलची तारीख आरमध्ये घेतली तर २०९३ साल येतंय

प्रश्न:
रुग्णांच्या तपासण्यांची एक्सेल फाइल रीडएक्सेलने (एक्सेल फाइल वाचणारं पॅकेज) आरमध्ये, म्हणजे आकडेवारीसाठीच्या प्रोग्रामिंग भाषेत, घेतली. तारखेचा रकाना मजकूर म्हणून आलाय. काही ओळींत ४४९८९ असे आकडे, काहींत सरळ २५/०४/२०२३. आकड्यांना न्यूमेरिक (मजकुराऐवजी संख्या) करून तारखेत बदललं तर ५ मार्च २०९३! फाइल दुसऱ्यांनी भरलेली आहे. काय करू?

उत्तर १:
ओरिजिन, म्हणजे दिवस मोजायची शून्य तारीख, १८९९-१२-३० द्या. आर १ जानेवारी १९७० पासून दिवस मोजतं, एक्सेल १९०० च्या सुरुवातीपासून. १ जानेवारी १९०० हा त्याचा पहिला दिवस, म्हणजे शून्य ३१ डिसेंबरला. त्यात एक्सेल १९०० ला चुकून लीप वर्ष धरतं, एक दिवस जास्त मोजतं, म्हणून ३० डिसेंबर. फाइल जुन्या मॅकवरची असेल तर १९०४-०१-०१ लागेल. फरक १४६२ दिवसांचा, म्हणजे लगेच नजरेत भरतो.

प्रश्नकर्ती:
जमलं, ४ मार्च २०२३ आली. आता मजकुरातल्या तारखा वाचून दोन्ही एकत्र करते.

उत्तर २:
थांबा, एवढ्यात एकत्र करू नका. एकाच रकान्यात आकडेही आणि मजकूरही, हे लक्षण मला फार खटकतं. ज्या संगणकावर महिना आधी लिहायची सेटिंग असते, तिथे ०३/०४/२०२३ टाकलं की एक्सेल त्याची गुपचूप ४ मार्च करतं. २५/०४ मध्ये पंचविसावा महिना सापडत नाही, म्हणून ती तशीच मजकूर राहते. म्हणजे जी तारीख बिघडलेली दिसते तीच खरी, आणि जी नीट दिसते ती उलटलेली. ओरिजिन कितीही बरोबर दिलं तरी हे सुटणार नाही, आणि एरर तर येतच नाही.

बदललेल्या तारखांमधला फक्त दिवस काढून, कोणता किती वेळा येतो याचं टेबल करा. एकही दिवस १२ च्या पुढे नसेल, आणि मजकुरातल्या सगळ्यांत पहिला आकडा १२ च्या वर असेल, तर तेच झालंय.

प्रश्नकर्ती:
अगदी तसंच आहे. शिवाय तपासण्या एप्रिलमध्ये सुरू झाल्या, मार्चची नोंद असूच शकत नाही.

उत्तर २:
मग आकड्यांतून आलेल्या तारखा वर्ष-दिवस-महिना अशा मजकुरात काढा आणि वर्ष-महिना-दिवस म्हणून परत वाचा. फक्त त्याच ओळींवर, मजकुरातल्यांना हात लावू नका. मूळ रकाना तसाच ठेवून नवीन रकाना करा. आणि भरणाऱ्यांकडे मूळ सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळी केलेली साधी मजकूर फाइल) असेल तर ती एक्सेलमध्ये न उघडता मागवा. ती मिळाली तर ही उलटापालट करायचीच गरज नाही.