अनुभव धागा: कॉलेजांच्या अमेरिकन फुटबॉलचे शनिवार, मैदानात जाऊन पाहिलेले

धागाकर्ता, ॲन आर्बर (मिशिगन)

आमच्या मंडळाच्या गणपतीचा शनिवार ठरवताना आधी मिशिगनचं फुटबॉलचं वेळापत्रक उघडलं जातं. खजिनदार मीच आहे, त्यामुळे फारसं कुणी बोलत नाही.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी एमएसला आलो, तेव्हा लॅबमधल्या एकाने पहिलं तिकीट गळ्यात मारलं होतं. स्टेडियमच्या जवळ जाईपर्यंत वाटत होतं, एवढंच? बहुतेक भाग जमिनीत खणून बांधलाय (१९२७ सालचं बांधकाम), त्यामुळे तेव्हा बाहेरून काही कळायचंच नाही. फाटकातून आत आलो तर आपण वरच्या कडेला आणि खाली लाखभर माणसं. आज अधिकृत क्षमता १,०७,६०१ आहे. शेवटची ती एक जागा फ्रिट्झ क्रायस्लर या जुन्या प्रशिक्षकाच्या मानाची. ती नेमकी कुठली, हे कुणी सांगत नाही. कोविडचं वर्ष सोडलं तर १९७५च्या नोव्हेंबरपासून एकाही सामन्याला गर्दी लाखाच्या खाली गेलेली नाही.

यात सुखच असतं असं नाही. १ सप्टेंबर २००७ला ॲपलाचियन स्टेट नावाच्या, खालच्या विभागातल्या संघाने आम्हाला इथेच ३४-३२ हरवलं. शेवटची किक त्यांनी अडवली आणि लाखभर माणसं गपचूप गाड्यांकडे चालू लागली. पण २०२१चा नोव्हेंबरही मी इथेच पाहिलाय. बर्फ पडत होता, हसन हॅस्किन्सने पाच टचडाउन केले (म्हणजे चेंडू समोरच्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेला), आमचं कट्टर प्रतिस्पर्धी ओहायो स्टेट ४२-२७ने हरलं. २०११नंतर प्रथमच! पोरं मैदानात उतरली, बायको म्हणाली, "अहो, गुडघे सांभाळा," तोवर मी तीन पायऱ्या खाली गेलो होतो.

टीव्हीवर पाहिलेलं नको. मैदानात गेला असाल तर त्या दिवसाबद्दल लिहा, कॉलेज कुठलंही चालेल. ओहायोवाल्यांनाही मुभा आहे.

कोलंबसची काकू

मुभेबद्दल आभारी आहोत. तुमच्याविरुद्धच्या सामन्याच्या आठवड्यात आमच्या ओहायो स्टेटच्या कॅम्पसवरच्या पाट्यांतलं प्रत्येक इंग्रजी 'एम' (मिशिगनचं) लाल पट्टी चिकटवून खोडलेलं असतं, एवढंच सांगते.

खरं सांगायचं तर मी बँडसाठी जाते. मी तबला शिकवते. सव्वादोनशेच्या आसपास वाजवणारे चालता चालता एकही मात्रा न सोडता मैदानावर वळणदार अक्षरांत राज्याचं नाव लिहितात, ते पाहताना माझी बोटं मांडीवर आपोआप चालू लागतात. १९३६पासून हे चाललंय. शेवटी 'आय'वरचा टिंब द्यायला सुझाफोनवाला (अंगाभोवती अडकवलेलं मोठं पितळी वाद्य वाजवणारा) तोऱ्यात पुढे येतो आणि दोन्ही बाजूंना वाकून मुजरा करतो. चौथ्या-पाचव्या वर्षाच्या सुझाफोनवाल्यालाच हा मान. अनेकांचे आईवडील त्या दिवसासाठी दुसऱ्या राज्यांतून येतात. आमच्या मागच्या रांगेत एकदा अशीच एक आई होती. तिने सामना पाहिलाच नाही, टिंबानंतर रडतच बसली.

२०२४ला तुम्ही आमच्या घरी येऊन १३-१० जिंकलात, झेंडा रोवायला गेलात, मारामारी झाली, पोलिसांना मिरपुडीचा फवारा मारावा लागला. मी तिथेच होते. मग जानेवारीत राष्ट्रीय विजेतेपद कुणी घेतलं, ते आपलं आपण आठवावं.

बर्कलीचा जुना विद्यार्थी

२० नोव्हेंबर १९८२. स्टॅनफर्डविरुद्धचा सामना. माझं संशोधन रखडलं होतं, तिकीट विद्यार्थ्याच्या दरात होतं, म्हणून गेलो.

चार सेकंद उरली असताना स्टॅनफर्डने फील्ड गोल (खांबांमधून किक) मारून २०-१९ केलं. आमच्या रांगेतले बरेच जण उठून निघाले. पुढची किक आमच्याकडे आली आणि आमच्या पोरांनी चेंडू मागे, बाजूला असा पाच वेळा एकमेकांकडे फेकला. मधेच स्टॅनफर्डचा बँड, आपण जिंकलो असं समजून, मैदानात शिरला. माझ्या जागेवरून दिसत होती फक्त लाल कोटांची गर्दी आणि तिच्यातून वाट काढत धावणारा कुणीतरी. तो केव्हिन मोएन, हे नंतर कळलं. त्याने टचडाउनच्या रेषेपलीकडे एका ट्रॉम्बोनवाल्याला आडवं पाडलं.

पंच घोळका करून उभे राहिले. कुणालाच काही कळेना. शेवटी पंचाचे दोन्ही हात वर गेले आणि टेकडीवरची आमची तोफ धडाडली. २५-२०. उठून गेलेल्यांतला एक जण अजून मित्र आहे. त्या दिवशीचं अर्धवट तिकीट त्याच्याकडेही आहे, पण तो ते दाखवत नाही.

तेव्हापासून जातोय, पण आता कुरकुर ऐका. दर थोड्या वेळाने टीव्हीच्या जाहिरातींसाठी खेळ थांबतो आणि बावीस धडधाकट माणसं उगाच उभी राहतात. खेळाडूंना पैसे मिळतात याबद्दल माझी तक्रार नाही; इतकी वर्षं त्यांच्या नावावर बाकीच्यांनीच कमावलं. पण टीव्हीच्या पैशापायी पश्चिमेकडची जुनी संघटना फुटली आणि २०२४पासून आम्ही पॅसिफिकच्या काठावर बसून अटलांटिक किनाऱ्याच्या संघटनेत खेळतो. परगावच्या सामन्याला पूर्वी गाडी काढून जाता यायचं, आता विमानाचं तिकीट पाहावं लागतं. स्टॅनफर्डही त्याच संघटनेत आलं, हे त्यातल्या त्यात बरं.

पिस्कॅटवेची सून

इतिहासाची बाजू आमची! ६ नोव्हेंबर १८६९ला न्यू ब्रन्सविकमध्ये (न्यू जर्सी) आमचं रटगर्स आणि प्रिन्स्टन खेळले, तोच पहिला कॉलेज सामना मानतात. बाजूला पंचवीस-पंचवीस खेळाडू होते आणि आम्ही ६-४ जिंकलो. त्यानंतरच्या बऱ्याच वर्षांबद्दल न बोललेलं बरं.

सासरे सांगलीहून आले होते तेव्हा त्यांना नेलं. नियम समजावता समजावता नवऱ्याचा घसा बसला. सासरे शांतपणे म्हणाले, "अरे, ही कबड्डीच की. चार चढायांत दहा यार्ड जायचं, नाही जमलं तर चढाई समोरच्याची." पुढचे दोन क्वार्टर (सामन्याच्या चारांतले दोन भाग) तेच शेजारच्या गोऱ्या आजोबांना समजावत होते, मराठी आणि हातवारे मिळून.

पण माझा दिवस २००६चा, आणि तो शनिवार नव्हता, गुरुवारची रात्र होती. तिसऱ्या क्रमांकाचं लुइव्हिल २५-७ने पुढे होतं. तिथून आम्ही बरोबरी गाठली. शेवटी जेरेमी इटोची किक चुकली, पण समोरचा खेळाडू रेषेच्या पुढे आला होता म्हणून पुन्हा संधी मिळाली. दुसरी बरोबर गेली. २८-२५. सगळं मैदान माणसांनी भरलं. शुक्रवारी ऑफिसात निम्म्या लोकांचे घसे बसलेले, आणि कुणी कुणाला कारण विचारलं नाही.

डॉक्टर, पूर्वी आयोवा सिटी

मी सामना जितका खालून पाहिलाय त्याहून जास्त वरून पाहिलाय. आयोवाच्या किनिक स्टेडियमला लागूनच मुलांचं रुग्णालय आहे. नवी इमारत २०१७ला उघडली. वरच्या मजल्यावरून मैदान दिसतं. तिथे मी शिकाऊ डॉक्टर होते.

त्याच वर्षी सुरू झालेली प्रथा बहुतेकांनी ऐकली असेल: पहिला क्वार्टर संपला की सगळं स्टेडियम, खेळाडू, पंच, पाहुणा संघसुद्धा, वळून रुग्णालयाकडे हात हलवतं. टीव्हीवर ते दहा सेकंद दाखवतात. वर त्याची तयारी सकाळपासून असते. कुणाची औषधाची वेळ जरा पुढे-मागे करता येईल का, कुणाचा पंप खुर्चीला लावून नेता येईल का, याचीच चर्चा. एक मुलगा राउंडला रोज माझ्याशी अबोला धरायचा. सुया टोचणाऱ्यांशी बोलायचं नाही, असं त्याचं तत्त्व. शनिवारी मात्र त्याने मला खुर्ची ढकलायला बोलावलं, कारण माझा बॅज संघाच्या रंगांचा, काळा-पिवळा होता. खिडकीशी गेल्यावर पहिल्यांदा बोलला ते हे: "त्यांना सांग, थर्ड डाउनला पळू नका, पास करा." (थर्ड डाउन म्हणजे तिसरी चढाई.)

पुढे सुट्टीच्या दिवशी तिकीट काढून खाली गेले. जवळजवळ सत्तर हजार माणसांबरोबर हात हलवताना मी मजले मोजून आमचा वॉर्ड शोधत होते. शेजारच्या माणसाने विचारलं, तुमचं कुणी आहे का वर? "बरेच आहेत," म्हटलं.

धागाकर्ता

डॉक्टर, आम्ही मिशिगनवाले पाहुणे म्हणून आलो तेव्हा आम्हीही हात हलवला होता. सामना हरलो असतो तरी चाललं असतं, असं त्या मिनिटाला वाटलं. पुढच्या मिनिटाला नाही.

कॉलेज स्टेशनचा उभा

टेक्सस ए अँड एम विद्यापीठ. आमच्याकडे विद्यार्थी सामनाभर बसतच नाहीत. १९२२ला खेळाडू जखमी होत गेले तेव्हा ई. किंग गिल प्रेक्षकांतून येऊन गणवेश चढवून तयार उभा राहिला. त्याला खेळावं लागलं नाही, पण म्हणून आजही सगळे उभे. कुणी थकला तर शेजारी आठवण करून देतो. २०१८ला लुइझियाना स्टेटविरुद्ध (एलएसयू) बरोबरी सुटेना म्हणून सात ओव्हरटाइम झाले, ७४-७२. मध्यरात्र जवळ आली तरी उभेच. आई म्हणाली, पंढरीच्या वारीला चल म्हटलं तर पाय दुखतात तुझे.

नवी पालक

मुलगी या वर्षी मॅडिसनला (विस्कॉन्सिन) गेलीय. नोव्हेंबरच्या सामन्याला आम्ही दोघं येतोय. काय आणायचं?

कोलंबसची काकू

पारदर्शक पिशवी, बारा बाय बारा बाय सहा इंच. काही ठिकाणी पिशवीच चालत नाही, आधी नियम पाहा. बाकावर घालायला जाड काहीतरी घ्या, ॲल्युमिनियम हाडांपर्यंत पोचतं. पायमोजे दोन जोड. मॅडिसनला तिसऱ्या आणि चौथ्या क्वार्टरच्या मधे अख्खं स्टेडियम उड्या मारतं, तेव्हा हातात गरम कोको ठेवू नका. आणि तिखटमिठाच्या पुऱ्या टेलगेटलाच (सामन्याआधी गाड्यांपाशी चालणारं खाणंपिणं) संपवा, फाटकावर घेऊ देत नाहीत.

बर्कलीचा जुना विद्यार्थी

आणि शेवटची चार सेकंद उरली म्हणून उठू नका.