मदत हवी आहे: सीईपीतले पाणी तपासणीचे निकाल गावाला कसे सांगावेत? आणि मार्क कशाला द्यावेत?

नमस्कार मंडळी,

तालुक्याच्या गावी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. नव्या शैक्षणिक धोरणात आमच्याकडे एसवायच्या चौथ्या सत्राला सीईपी (कम्युनिटी एंगेजमेंट, म्हणजे मुलांनी समाजात जाऊन करायचं काम) आलंय. 2 क्रेडिट, 60 तास, 42 मुलं आणि मी एकटी. रॅली, पोस्टर, झाडू धरून फोटो असलं काही नको होतं. (श्रमदान एनएसएसवाले 1969 पासून करताहेत, आमच्यापेक्षा बरंच करतात.) म्हणून विषयालाच जोडलं. शेजारच्या गावातल्या विहिरी-बोअरचं पाणी आणायचं आणि टीडीएस (विरघळलेले क्षार), कठीणपणा, क्लोराईड, नायट्रेट काढायचं.

ईडीटीएचं टायट्रेशन (कठीणपणा मोजायची चाचणी, रंग निळा झाला की संपली) पोरांनी वर्गात ढिगाने केलंय, शेजारच्याच्या वहीत बघून रीडिंगही लिहिलंय. या वेळी मात्र लालसर रंग निळा झाला तरी समाधान नाही, परत ब्युरेट भरताहेत. का, तर "मॅडम, हे माझ्या चुलतीच्या विहिरीचं आहे."

घोडं अडलं ते पुढे. परवा नमुने घेताना एका आजींनी विचारलं, "मागच्या साली बी पोरं बाटल्या भरून घेऊन गेली. काय निघालं त्यात?" मागच्या सालची बॅच माझीच. अहवाल स्पायरल बाइंडिंग होऊन विभागाच्या कपाटात आहे. मार्कही देऊन झालेत. मला काही बोलताच येईना.

यंदा चार विहिरींत नायट्रेट 45 मि.ग्रॅ. प्रति लिटरच्या वर आलंय. ही पिण्याच्या पाण्याची मर्यादा. त्यापुढे तान्ह्या बाळांना धोका, आणि पाणी उकळून उपयोग नाही, उलट पाणी आटून नायट्रेटचं प्रमाण वाढतं. पण आमची प्रयोगशाळा मान्यताप्राप्त नाही. आकडा चुकला तर? सांगायचं मालकाला की ग्रामपंचायतीला? आणि डायरी-हजेरीवर मार्क दिले की सगळ्यांना 50 पैकी 46 पडतात, त्याचं काय करता तुम्ही?

प्रतिसाद:
मॅडम, आमचंही पहिल्या वर्षी कपाटच झालं होतं. आता नमुने डिसेंबरात घेतो आणि 26 जानेवारीची ग्रामसभा धरतो. निकाल मुलंच वाचतात. ही फेरी 60 तासांतच मोजा, नाहीतर कोणी येत नाही. शंका असलेला नमुना ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला (गावच्या पाण्याचे नमुने घेणारा माणूस) सोबत घेऊन पुन्हा काढा आणि भूजल सर्वेक्षणाच्या प्रयोगशाळेत द्या. तो रिपोर्ट येईपर्यंत भर सभेत कुणाच्या विहिरीचं नाव नको, मालकाला घरी जाऊन सांगा. तान्हं मूल असलेल्या घरी मात्र रिपोर्टची वाट बघू नका.

मार्कांचं म्हणाल तर 50 पैकी 20 गावकऱ्यांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवर. मागे एकाने विचारलं, "म्हशीला चालंल का हे पाणी?" अख्खा वर्ग माझ्या तोंडाकडे बघायला लागला.

धागाकर्ती:
म्हशीचं मलाही विचारावं लागेल. बाकी सगळं पटलं. चारपैकी एका घरी लेक बाळंतपणाला आलीय. आज संध्याकाळीच जाऊन येते, आणि वाटेत त्या आजींकडेही.