वेळेची अट इंडिकेटरच्या आधी की नंतर?

पौडफाटा (धागाकर्ता):
कोथरूडला आम्ही सहाजण दर रविवारी सकाळी बसून एकमेकांचा अल्गोचा, म्हणजे आपोआप सौदे करणाऱ्या प्रोग्रामचा, कोड वाचतो. गेल्या दोन महिन्यांत तिघांच्या कोडमध्ये एकच गोष्ट दिसली आणि ती चूक आहे असं माझं ठाम मत आहे. फंक्शनच्या पहिल्याच ओळीत अट: घड्याळ साडेनऊ ते पावणेतीनच्या बाहेर असेल तर इथूनच परत फिर. त्याखाली ईएमए (भावाची सरासरी), आरएसआय (चढ-उताराचा जोर) हे भावावरून काढलेले इंडिकेटर आणि सगळ्यात शेवटी ऑर्डर.

हेतू चांगला आहे. सकाळची धुमश्चक्री नको, शेवटच्या पाऊण तासाची ओढाताण नको. पण एनएसई हा शेअर बाजार ९:१५ ते ३:३० चालतो, आणि पाच मिनिटांच्या कॅन्डल (तेवढ्या वेळातल्या भावाची एक नोंद) दिवसाला ७५ होतात. या अटीमुळे सकाळच्या ३ आणि दुपारच्या ९, अशा १२ कॅन्डल इंडिकेटरपर्यंत पोचतच नाहीत. आरएसआय तर वाइल्डरने १९७८ मध्ये मांडल्याप्रमाणे मागच्या सरासरीवरच पुढची सरासरी रचत जातो. त्याला काल पावणेतीनचा भाव माहीत असतो आणि त्यानंतर एकदम आजचा ९:३५ चा. मधला पाऊण तास, रात्रीचा गॅप (कालच्या बंद आणि आजच्या उघडत्या भावातलं अंतर), सकाळची वीस मिनिटं, हे सगळं तो पाच मिनिटांतली एकच उडी समजतो. आणि नेमका तेव्हाच आपण दिवसाचा पहिला सौदा घेतो.

माझं म्हणणं असं: घड्याळाकडे फक्त नवी ऑर्डर टाकताना बघायचं. इंडिकेटरला प्रत्येक कॅन्डल मिळालीच पाहिजे. आणि सौद्यातून बाहेर पडायला ही अट लावायचीच नाही. आमच्यातल्या एकाचा स्टॉपलॉस, म्हणजे ठरलेल्या तोट्यावर बाहेर पडायची सूचना, याच अटीखाली लिहिलेला होता. पावणेतीननंतर तो तपासलाच जात नव्हता. सव्वातीननंतर ब्रोकरने पोझिशन आपोआप कापली, तोवर तोटा वाढत गेला.

हडपसर_टिक:
स्टॉपलॉसबद्दल पूर्ण सहमत. ‘प्रत्येक कॅन्डल’ला मात्र माझा विरोध आहे. मी स्टॉपलॉस एटीआरवर, म्हणजे कॅन्डलमागच्या सरासरी हालचालीवर, ठेवतो, म्हणून हा त्रास मला रोज दिसतो. एटीआर मोजताना आदल्या बंद भावापासूनचं अंतरही धरलं जातं. समजा निफ्टीची पाच मिनिटांची सरासरी हालचाल २० पॉइंटची आहे आणि सकाळी १५० चा गॅप आला. १४ कॅन्डलचा एटीआर एका झटक्यात २९ वर जातो. बाजार पुढे शांत झाला तरी माझा स्टॉपलॉस जवळजवळ दीडपट लांब बसतो, आणि ही सूज उतरायला तासभर सहज लागतो. पहिली कॅन्डल मी मुद्दाम गाळतो. ज्या वेळात मला सौदाच करायचा नाही, त्या वेळचा गोंधळ माझ्या मोजपट्टीत कशाला हवा?

पौडफाटा:
तुम्ही एक कॅन्डल गाळता, आणि का गाळता ते तुम्हाला माहीत आहे. ते तिघं बारा गाळत होते आणि त्यांना पत्ताही नव्हता. शिवाय तुमचा इलाज एटीआरच्या सूत्रातच लिहा की. दिवसाच्या पहिल्या कॅन्डलला फक्त उच्चांक वजा नीचांक धरायचा, आदला बंद भाव सोडून द्यायचा. उद्या कोड वाचणाऱ्याला कळेल की हा निर्णय मोजपट्टीचा आहे, सौद्याच्या वेळेचा नाही.

क्रूड_सिंहगडरोड:
तुम्ही दोघंही शेअर बाजारातले, म्हणून तुमची वेळ स्थिर आहे. आमच्या एमसीएक्सवर, म्हणजे वस्तूंच्या वायदे बाजारात, क्रूड (कच्चं तेल) अमेरिकेत उन्हाळी वेळ असताना रात्री साडेअकराला बंद होतं, हिवाळ्यात ११:५५ ला. आपली घड्याळं वर्षभर हलत नाहीत, पण बाजाराची वेळ हलते. कोडमध्ये ‘२३:३०’ असा आकडा लिहून ठेवलात की नोव्हेंबरात शेवटची पंचवीस मिनिटं आंधळी. खरा रोग हा आहे, अट वर की खाली हा नाही.

आणि शेअर बाजारवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. २ मार्च २०२४ च्या शनिवारी दोन छोटी सत्रं झाली, १ फेब्रुवारी २०२५ ला बजेटचा शनिवार असून पूर्ण दिवस बाजार चालू होता. लक्ष्मीपूजनाचा मुहूर्ताचा तास तर दरवर्षीचा. २४ फेब्रुवारी २०२१ ला एनएसईचे व्यवहार अकरा चाळीसला थांबले, पावणेचारला पुन्हा सुरू झाले आणि पाचपर्यंत चालले. ‘साडेतीन म्हणजे बंद’ असं लिहिलेला कोड त्या दिवशी काय करणार होता?

बाणेर_३७५:
पौडफाटा दादा, तुम्ही ‘वेळ’ या एका शब्दात दोन गोष्टी गुंडाळताय. एक बाजाराचं सत्र, ९:१५ ते ३:३०. दुसरी माझी सौद्याची खिडकी. खिडकी इंडिकेटरच्या आड येऊ नये, इथवर मान्य. पण सत्र इंडिकेटरला कळलंच पाहिजे. व्हीवॅप (उलाढालीच्या वजनाने काढलेला दिवसाचा सरासरी भाव) रोज सकाळी शून्यापासून सुरू होतो, तो सत्र माहीत असल्याशिवाय कसा होईल?

तासाची कॅन्डल घ्या. दिवसाची ३७५ मिनिटं साठाने भागत नाहीत. ९:१५ पासून मोजलं तर शेवटची कॅन्डल पंधरा मिनिटांची. घड्याळाच्या तासाने मोजलं तर पहिली पंचेचाळीसची आणि शेवटची तीसची. दोन सॉफ्टवेअरमध्ये एकाच शेअरचा आरएसआय वेगळा दिसतो, त्याला हे कारण पुरतं. म्हणूनच बरेच जण ७५ मिनिटांची कॅन्डल वापरतात: पाच सरळ भाग, शिल्लक काही नाही. आणि क्लाउडवर कोड चालवणाऱ्यांनी सर्व्हरचं घड्याळ बघा. ते यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असेल तर आपला बाजार त्याच्या हिशेबाने ३:४५ ला उघडतो आणि १० ला बंद होतो.

सदाशिव_जुना:
मी वयाने मोठा, पण कोड शिकतोय, म्हणून विचारतो. बॅकटेस्ट, म्हणजे जुन्या डेटावरची चाचणी, जर त्याच अटीने केली असेल, त्याच बारा कॅन्डल गाळून, आणि त्यात पद्धत चालत असेल, तर बिघडलं काय? आकडा तक्त्याशी जुळो न जुळो, मागचा आणि आजचा हिशेब एकच असला म्हणजे झालं. बाजार नियामक सेबीच्या अभ्यासात आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ मध्ये शेअरच्या वायदे-ऑप्शनमध्ये ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात निघाले. अशा ठिकाणी चालत्या गोष्टीला हात लावू नये असं मला वाटतं.

पौडफाटा:
काका, या धाग्यातला सगळ्यात अवघड प्रश्न तुम्ही विचारलात. हिशेब एकच राहिला असता तर मी गप्प बसलो असतो. तो राहत नाही. दुपारी वीज गेली, नेट तुटलं, अल्गो पुन्हा सुरू केला की तो ब्रोकरकडून मागच्या २०० कॅन्डल मागवतो. त्यात सगळ्या असतात, गाळलेल्या बारासुद्धा. म्हणजे सकाळी सुरू असलेला आरएसआय एक आणि दुपारी पुन्हा सुरू केलेला दुसरा, दिवस तोच, शेअर तोच. आमच्या तिघांपैकी एकाकडे आम्ही हे शेजारी-शेजारी लावून पाहिलं: ४८ आणि ५३. त्याची खरेदीची रेघ ५० वर आहे.

बाणेर ताई, सत्र आणि खिडकी वेगळी, हे मान्य. मी मांडताना ते नीट मांडलं नव्हतं.

हडपसर_टिक:
मग मागवलेल्या २०० मधूनही त्याच कॅन्डल गाळा, हिशेब जुळेल. काकांचा मुद्दा त्याने खोटा ठरत नाही. एटीआरचं सूत्र बदलायची तुमची सूचना मी या आठवड्यात चालवून बघतो, मागच्या सहा महिन्यांच्या डेटावर, दोन्ही पद्धतींनी. तोपर्यंत माझी पहिली कॅन्डल बाहेरच राहील.