पळून गुडघा दुखालाय तर आधी खुब्याचा व्यायाम, का पळणं कमी?

पहाटपळ्या_वडगाव
बेळगावात वॅक्सिन डेपोच्या मैदानात सकाळी भरतीची पोरं पळायला येतात त्यांना बघून लिहालोय. एकदा मागून बघा. उजवा पाय टेकला की डावीकडची कंबर खाली जातीय, शॉर्टचं इलॅस्टिक दर पावलाला कलतंय, गुडघा आत वळतोय. महिन्या-दोन महिन्यांनी त्यातलीच काही पोरं गुडघा धरून कट्ट्यावर बसलेली दिसतात. माझंही तेच झालेलं. राजहंसगड उतरताना गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला अशी कळ आली की पाय सरळ टाकता येईना, आडवा होऊन उतरलो. मग नवीन बूट घेतले, पट्टा बांधला, मलम चोळलं, काडीचा फरक नाही. शेवटी फिजिओनं एका पायावर उभं केलं, तर दहा सेकंदात कंबर डगमगाय लागली. खुब्याच्या बाजूला ग्लूटियस मीडियस म्हणून स्नायू असतो, एका पायावर असताना कंबर समतोल धरायचं काम त्याचं. आणि पळणं म्हणजे एका पायावरनं दुसऱ्या पायावर उड्याच की, दर पावलाला अंगाच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार. म्हणून माझं मत, पळायला सुरुवात करतानाच आठवड्यातनं दोन-तीनदा हिपचा, म्हणजे खुब्याचा, व्यायाम लावा, दुखायची वाट बघू नका.

तालमीतला_गडी
पटलं नाही. आमच्या तालमीत पोरं रोज बैठका मारतात, त्यांना खुब्यासाठी रबरी पट्टा लावून वेगळा व्यायाम लागत नाही. दुखण्याचं कारण दुसरंच आहे. आमच्या गल्लीतला पोरगा, भरतीची तारीख कळली तसा दोन किलोमीटरवरनं एकदम आठवर गेला, तेही डांबरीवर, रोज, एक दिवस सुट्टी नाही. आता नडगी दुखालीय. सोळाशे मीटर पळायला रोज आठ किलोमीटर कशाला? त्याला खुबा काय करणार सांगा? आधी पळणं आवरा, मातीवर पळा, आठवड्यात दोन दिवस पायांना आराम द्या. तुम्ही लोक पोरांना आणखी एक काम लावून मोकळे.

पहाटपळ्या_वडगाव
अहो बैठक दोन पायांवर होते, दोन्ही पाय टेकलेले असताना कंबर कलणार कुठं? मांडी तयार होते, बाजूचा स्नायू तसाच राहतो. तुमच्या एखाद्या बैठकवाल्याला एका पायावर हळू खाली बसायला सांगा, गुडघा आत जातो का बघा. आणि हे माझ्या एकट्याचं नाही, फिनलंडमध्ये नव्यानं पळायला लागलेल्या ३२५ लोकांवर २४ आठवडे प्रयोग केला, तो २०२४ साली छापून आला. हिप आणि पोटाचे व्यायाम करणाऱ्या गटात पळून पळून होणारी दुखणी ३९ टक्क्यांनी कमी.

फिजिओ_टिळकवाडी
दोघांनाही थोडं अडवते. स्टॅनफर्डचा २००० सालचा अभ्यास आहे, मांडीच्या बाहेरनं गुडघ्यापर्यंत येणाऱ्या जाड पट्ट्याचं (आयटी बँडचं) दुखणं असलेले २४ धावपटू, सहा आठवडे हिपचा व्यायाम, २२ जणांचं दुखणं गेलं. पण व्यायाम न करणारा गट तुलनेला नव्हता, त्यामुळे खुबा कमजोर म्हणून दुखलं की दुखलं म्हणून खुबा कमजोर झाला, हे त्यावरनं सांगता येत नाही. दुसरं, २०११ च्या एका अभ्यासात हिपची ताकद वाढली, एका पायावरची बैठक सुधारली, पण पळण्याची ढब होती तशीच राहिली. म्हणजे इलॅस्टिक कलायचं थांबेलच असं नाही, पण स्नायू बळकट असला की भार जास्त सोसतो. आणि तालमीतले काका म्हणतात ते पळणं एकदम वाढवायचं कारण माझ्याकडे येणाऱ्या पोरांत रोज दिसतं.

खानापूरची_पोर
मी भरतीची तयारी करालेय. सकाळी गोठ्यातलं आवरून पळायला जाते, जिमला पैसे नाहीत, तालमीत आम्हा पोरींना कोण घेत नाही. वाद नंतर घाला, घरात काय करायचं तेवढं सांगा.

फिजिओ_टिळकवाडी
बरोबर बोललीस गं. घोंगडीवर कुशीवर झोप, पाठ आणि टाच भिंतीला टेकव. खालचा पाय दुमडलेला, वरचा सरळ, टाच भिंतीवरनं घासतच हळू वर ने आणि त्याहून हळू खाली आण. पंजा छताकडं वळू द्यायचा नाही, वळला की मांडीच्या पुढचा स्नायू काम पळवतो. हात कंबरेमागं खिशाच्या जागी ठेव, तिथं भरून आलं पाहिजे. बारा वेळा, दोन्हीकडं. मग उताणी झोपून एका पायावर कंबर उचलायची. तिसरं, घराच्या पायरीवर एका पायानं उभी राहून दुसरी टाच सावकाश जमिनीला लावायची, गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत. आरशासमोर कर. एक दिवसाआड पंधरा मिनिटं पुरे.

तालमीतला_गडी
काल पोरांना पायरीवर उभं करून बघितलं. शंभर बैठका एका दमात मारणाऱ्याचा डावा गुडघा आत गेला, खोटं बोलणार नाही. हा व्यायाम घेतो. तरी माझं म्हणणं तेच, पळणं आवरल्याशिवाय हे सगळं वाया. आणि त्या नडगीवाल्या पोराला हेच द्यायचं का? त्याची भरती पुढच्या महिन्यात आहे, ऐकत नाही.

फिजिओ_टिळकवाडी
त्याला आत्ता काहीच देऊ नका. नडगीच्या हाडावरनं बोट फिरवा. वीतभर दुखत असेल तर वेगळं, पण एकाच बोटाएवढ्या जागी दाबल्यावर तो पाय मागं खेचत असेल, रात्री झोपल्यावरही ठणकत असेल, तर हाडाला चीर असू शकते. उद्यापासनं पळणं बंद आणि हाडाच्या डॉक्टरला दाखवा. सुरुवातीला साध्या एक्स-रेत चीर बऱ्याचदा दिसत नाही, म्हणून एक्स-रे चांगला आला तरी लगेच मैदानात सोडू नका.

तालमीतला_गडी
रात्री ठणकतंय असं त्याची आई म्हणाली होती. आत्ता त्याच्या घराकडंच चाललोय.